नंदू, हत्तीवरून पुन्हा भांडू या

प्रिय नंदू,

पत्र बघून घाबरू नकोस, कुणाचं काही झालेलं नाही. माझी तब्येत ठीक, शुगर काठावर, गुडघा आहे तसाच. फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि हा विषय असा की तू पहिल्या वाक्यालाच हसत सुटशील. घरात सांगायची सोय नाही. हिला सांगून बघितलं, ती म्हणाली, "तुम्हाला दुसरे उद्योग नाहीत का?" आणि कुकर लावायला गेली.

विषय हत्ती. हो, तोच. व्हाइट स्ट्राइप्सचा 'एलिफंट'. गिटारवर आणि गायला जॅक व्हाइट, ड्रमवर मेग व्हाइट, अशा नुसत्या दोघांच्या त्या अमेरिकन रॉक बँडचा अल्बम. आता हसून घे आणि पुढे वाच.

पोरगी ड्रम शिकते हे तुला माहीत आहेच, तूच तिला झाडावर चढवलंस. तर तिच्या सरांनी तिला त्यातलंच 'द हार्डेस्ट बटन टू बटन' बसवायला दिलं. का, तर म्हणे सोपं आहे, मुलांना आत्मविश्वास येतो. कार्टीने एका संध्याकाळी बसवलं. मला बोलावून वाजवून दाखवलं, काड्या मांडीवर ठेवल्या आणि विचारलं, "बाबा, हे एवढंच आहे? मग तुम्ही आणि नंदूकाका इतकी वर्षं भांडताय ते कशावर?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि, खरं सांगतो, जे बाहेर आलं त्यात माझं स्वतःचं वाक्य एक नव्हतं. आधी म्हणालो, "कमी वाजवणं जास्त अवघड असतं." हे कुठल्या तरी मासिकातलं. मग म्हणालो, "मोठमोठे ड्रमर तिला मानतात." ही तर चक्क शिफारसपत्रं झाली. शेवटी म्हणालो, "मेग आहे म्हणून जॅक उभा आहे, ती काढली तर तो नुसता आरडाओरडा." आणि जीभ चावली, कारण हे तुझं वाक्य. हॉस्टेलच्या गच्चीवरचं. मी त्या वाक्यावरून तुझ्याशी आठवडाभर बोललो नव्हतो. ते तसंच्या तसं उचलून पोरीला दिलं, तुझं नावही न घेता. व्याज मागू नकोस. आणि तू बरोबर होतास असाही अर्थ काढू नकोस, अडचणीच्या वेळी हाताला लागेल ते माणूस फेकतो.

ती "हं" म्हणाली आणि मोबाइल बघायला लागली. मी मात्र तेव्हापासून अस्वस्थ आहे. या अल्बमबद्दल माझं मत काय? म्हणजे माझं, असं?

रात्री सगळे झोपल्यावर लावला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, चौदाही गाणी. गाणी वाजत होती आणि मला लोक ऐकू येत होते. 'सेव्हन नेशन आर्मी' लागलं की डोळ्यांसमोर जॅक नाहीच, स्टेडियम. 'ब्लॅक मॅथ' लागलं की आपला अव्या दारात उभा राहून विचारतोय, "शेजारी ग्राइंडर चालू आहे का?" 'इन द कोल्ड, कोल्ड नाइट' लागलं, मेग गायला लागली, की तुझा भाऊ: "ही गातेय की वाणसामानाची यादी वाचतेय?" 'बॉल अँड बिस्किट' म्हणजे थोर गिटारिस्टांच्या त्या याद्या, ज्यात जॅकचा नंबर वर गेला की तू चिडायचास आणि खाली गेला की मी. 'लिटल एकॉर्न्स'ला तर हात आपोआप पुढे ढकलायच्या बटणावर गेला, कारण सुरुवातीचं ते डेट्रॉइटच्या बातमीदाराचं खारीवरचं प्रवचन आपण कधी पुरतं ऐकलंच नाही. ढकललंही. मग परत मागे घेतलं, मुद्दाम ऐकलं. नको होतं ऐकायला.

तुला आठवतं ना, अल्बम आला तेव्हा किती हवा होती. एप्रिल २००३. 'रोलिंग स्टोन' मासिकाने पाचपैकी पाच तारे दिले. इंग्लंडात पहिल्या नंबरवर, अमेरिकेत सहाव्या. पुढच्या वर्षी दोन ग्रॅमी. सगळ्या परीक्षणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर शंभरपैकी ९२, इतके तर मला बारावीला स्वप्नातही पडले नाहीत. आणि 'पिचफोर्क' या संगीताच्या वेबसाइटने दिले दहापैकी ६.९. तो आकडा तू कागदावर लिहून माझ्या कपाटाच्या दाराला चिकटवला होतास. मी फाडला की दुसऱ्या दिवशी नवीन. शेवटी तर तू मलाच 'सहा पॉइंट नऊ' म्हणून हाक मारायला लागलास, आणि मेसवाल्याला वाटलं ते माझं बिल आहे.

तेव्हा मला ६.९ चा राग यायचा. आता ते पाच तारे आणि हे ६.९ दोन्ही शेजारी ठेवून बघतो तेव्हा वाटतं, दोघांनीही गाण्यांचं परीक्षण केलं नव्हतं, वातावरणाचं केलं होतं. एक हवेत तरंगत होता, दुसरा त्या हवेलाच वैतागला होता. त्या काळी 'द' लावलेले सगळे बँड एकाच माळेत ओवले जात: द स्ट्रोक्स, द हाइव्हज, द व्हाइन्स आणि हे दोघं. रॉक वाचवायला आलेत म्हणे. कुणापासून, ते कुणी सांगितलं नाही. बहुतेक परीक्षणांची सुरुवात लाल-पांढऱ्या-काळ्या कपड्यांपासून, मग हे भाऊ-बहीण की नवरा-बायको ही चर्चा. लग्न १९९६ मध्ये, घटस्फोट २००० मध्ये, कागदपत्रं बाहेर आलेली, तरी हे दोघं शांतपणे भाऊ-बहीणच सांगत राहिले. त्यात नवऱ्यानेच बायकोचं आडनाव घेतलेलं, हे तू आपल्या मावशींना सांगितलंस तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. एवढं सगळं आटपेपर्यंत परीक्षणाची अर्धी जागा संपायची. उरलेल्या अर्ध्यात लंडनचा तो टो रॅग स्टुडिओ: आठ ट्रॅकचं टेप मशीन, आणि १९६३ नंतरचं एकही यंत्र नाही ही ख्याती. संगीताला उरायची शेवटची चार वाक्यं.

त्या १९६३ वर तर मी किती भाषणं ठोकली! कव्हरच्या आत छापलं होतं की लिहिण्यापासून मास्टरिंगपर्यंत कुठेही संगणक वापरलेला नाही. मी ते वाचून दाखवायचो, आणि तू दर वेळी आठवण करून द्यायचास की आपण तो ऐकतोय तुझ्या संगणकावर, १२८ च्या एमपीथ्रीमध्ये, डब्यासारख्या स्पीकरवर. समीक्षकांना म्हणे आधीच्या प्रती फक्त रेकॉर्डवर पाठवल्या होत्या, अल्बम फुटू नये म्हणून. तरी फुटलाच, आणि तारीख अलीकडे आणावी लागली. तू तेव्हा म्हणाला होतास की ज्या समीक्षकाकडे टर्नटेबल नसेल त्याने रेकॉर्ड नुसती हातात धरून पाच तारे दिले असतील. हा तुझा विनोद मी नंतर पुष्कळ ठिकाणी स्वतःचा म्हणून खपवला आहे.

आणि बॅट! कव्हरवर जॅक क्रिकेटची बॅट घेऊन बसलाय हे तुझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं होतं? "पकड बघ, पहिल्याच ओव्हरला स्लिपमध्ये देणार." मी पाऊण तास त्या चित्रात हत्तीचं डोकं शोधत होतो, आणि तू त्याचा स्टान्स सुधारत होतास.

सात आंधळ्यांची गोष्ट आता सांगू नकोस, ती तुझी सांगून झालेली आहे.

बरं, समीक्षक एकीकडे. श्रोत्यांचं काय झालं ते तर त्याहून विचित्र. 'सेव्हन नेशन आर्मी'ची ती सात सुरांची रिफ, गाणंभर फिरून फिरून येणारी. तू पैज लावली होतीस की तो बास आहे आणि या दोघांनी तिसरा माणूस पडद्यामागे लपवलाय. बास नाही रे, साधी गिटार, के कंपनीची जुनी पोकळ पोटाची, तिचा सूर व्हॅमी पेडलवर एक सप्तक खाली उतरवलेला. पैज तू हरलास, पैसे अजून यायचेत. ही रिफ जॅकला मेलबर्नला साउंडचेकमध्ये सुचली, आणि पुढेमागे कुणी जेम्स बाँडचं गाणं मागितलं तर द्यायची म्हणून तो ती राखून ठेवणार होता. ती गेली कुठे, तर फुटबॉलवाल्यांच्या घशात. २००३ च्याच ऑक्टोबरात बेल्जियमच्या क्लब ब्रुगचे लोक मिलानला मॅच बघायला गेले, तिथे त्यांनी ते उचललं. २००६ च्या सुरुवातीला इटलीच्या रोमा क्लबच्या लोकांनी ब्रुगच्या लोकांकडून उचललं. आणि त्याच उन्हाळ्यात इटली वर्ल्ड कप जिंकली तेव्हा अख्खा देश पो-पो-पो करत रस्त्यावर. यातल्या किती जणांनी अल्बम ऐकला असेल? त्यांनी काही तारे दिले नाहीत, आकडा दिला नाही, नाव विचारलं नाही. नुसतं तोंडाने वाजवलं. मला कधी कधी वाटतं, त्या अल्बमला मिळालेलं सगळ्यात प्रामाणिक मत तेच. आणि लगेच वाटतं की नाही, त्या लोकांनी गाणं मारलं. माझ्यापुरतं तरी मारलं. आता ती रिफ मला गिटारवर ऐकू येतच नाही, पन्नास हजार पुरुषांच्या बेसूर आवाजातच येते, आणि त्या गर्दीत मेगचा तो खालचा सरळ ठोका, जो कुणीच गात नाही, तो तर नाहीसाच होतो.

मेगवर आलोच आहे तर ऐक. २००३ पासून एकच पालुपद: हिला वाजवता येत नाही. अल्बमला ९२ देणारे आणि ६.९ देणारे या एका बाबतीत पुष्कळदा शेजारी बसायचे, फक्त एक गट त्याला 'निरागस' म्हणायचा आणि दुसरा 'कच्चं'. निरागस! अठ्ठावीस वर्षांच्या बाईला. मला त्या कौतुकाचा त्या शिवीपेक्षा जास्त राग येतो. मग २०२३ मध्ये, अल्बमला वीस वर्षं होत होती तेव्हा, कुणीतरी पुन्हा तेच लिहिलं की मेगने बँडचं वाटोळं केलं, आणि या वेळी लोक उसळले. क्वेस्टलव्हसारखा नावाजलेला ड्रमर तिच्या बाजूने उभा राहिला. जॅकने तिच्यासाठी कविता लिहून टाकली. मेगने काय उत्तर दिलं? काही नाही. २००७ चा उरलेला दौरा तिच्या घबराटीच्या त्रासामुळे रद्द झाला, २०११ मध्ये बँड संपल्याचं जाहीर झालं, त्यानंतर बाई गप्पच. २०२५ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा जॅक गेला, ती आली नाही. जगभर तिच्या हातांवर मतं चालू आहेत आणि तिचं स्वतःचं मत कुणाकडे नाही. तू म्हणायचास ना, "ती एकटी खरी, बाकी सगळा सेट"? हे वाक्य मात्र मी पोरीला दिलेलं नाही. ते मला कधी पटलं नाही. जॅकचा सेट आहे, मान्य, पण 'बॉल अँड बिस्किट'मध्ये तिसऱ्यांदा तो गिटारवर तुटून पडतो तेव्हा सेट पेटलेला असतो, आणि पेटलेला सेट खोटा नसतो.

आता पोरीचं पुढे काय झालं ते सांगतो, ते महत्त्वाचं आहे.

दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, परत वाजव. तिने मोबाइलवर मेट्रोनोम लावला आणि वाजवलं. एकही ठोका इकडचा तिकडे नाही. बास ड्रम टक टक टक, स्नेअर जागच्या जागी, झांज जिथे हवी तिथे. ऐकायला छान होतं आणि अजिबात ते गाणं नव्हतं. म्हटलं, आता ते मेट्रोनोम बंद कर आणि रेकॉर्डवरच्या मेगबरोबर वाजव. हेडफोन लावले. थोडा वेळ ठीक. मग कपाळाला आठी. मग ती थांबली, परत सुरू केलं, परत थांबली. "बाबा, ही सरकते." म्हटलं, "कुठे सरकते?" तर म्हणाली, "तो ओरडायला लागला की ही पण थोडी पुढे जाते, मग परत येते. मी पकडायला गेले की ही दुसरीकडेच." चौथ्यांदा की पाचव्यांदा तिने झांज एक क्षण आधी मारली, हाताने दाबून गप्प केली आणि खरोखर चिडून म्हणाली, "हे चुकीचं वाजवलंय!"

नंदू, मला इतका आनंद झाला की मी तिला आइस्क्रीम कबूल केलं. तिला कळेना कशाबद्दल.

आता तू म्हणशील की झालं, मिळालं तुला उत्तर. नाही मिळालं. हेच तर सांगायला बसलोय. तिने ते सरकणं स्वतःच्या हाताने शोधलं, तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी रात्री परत लावलं आणि मलाही ते स्पष्ट ऐकू आलं, जॅकच्या आवाजाबरोबर तो ठेका पुढे झुकतो. पण इतकी वर्षं मला ते ऐकू आलं होतं का? की आता पोरीने सांगितलं म्हणून येतंय? यादीत अजून एक मत वाढलं, इतकंच. रोलिंग स्टोन, पिचफोर्क, अव्या, तुझा भाऊ, आणि आता घरातलीच. मग हा विचार मागे मागेच जायला लागला. मला हा अल्बम मुळात आवडला तो का? तुला आवडत नव्हता म्हणून? तू ब्लॅक कीजवाला, म्हणजे त्या दुसऱ्या दोघांच्या बँडचा, झालास आणि कुणीतरी समोर बसायला हवं होतं म्हणून?

त्यांचा 'थिकफ्रीकनेस' त्याच एप्रिलमध्ये आला होता, आठवड्याच्या अंतराने, हे तू एखाद्या साक्षीदारासारखा सांगायचास. "ॲक्रनच्या तळघरात, चौदा तासांत, एका बैठकीत. लाल विजारी नाहीत, बहीण नाही, हत्ती नाही." ऐकताना मीही मान डोलवायचो हे तू बघितलं नसशील, मी उशी तोंडावर घेतलेली असायची. तो अल्बम चांगलाच आहे. 'एलिफंट'पेक्षा एकसंधही आहे, त्यात 'लिटल एकॉर्न्स' नाही. पण तो कितीदाही ऐकला तरी मला त्यावरून कुणाशी भांडावंसं वाटत नाही. हत्तीवरून वाटतं. याला आवडणं म्हणतात का, ते मला सांग. पुढे तुझ्या त्या दोघांनी 'ब्रदर्स'च्या कव्हरवर "हा ब्लॅक कीजचा अल्बम आहे, याचं नाव ब्रदर्स आहे" अशा अर्थाचं लिहून टाकलं तेव्हा मी तुला मेसेज केला होता की बघ, यांनाही शेवटी पोशाख लागलाच, साधेपणाचा. तू उत्तर दिलं नव्हतंस. आता दे.

आणि व्हाइट स्ट्राइप्सच्या पुढच्या अल्बमबद्दल, 'गेट बिहाइंड मी सेटन'बद्दल, मी अजूनही ऐकून घेणार नाही. मरिंबा आहे, पियानो आहे, लोक म्हणाले गिटार कुठे गेली. गेली असेल बाहेर. त्या अल्बमवर आपण दोघं एकदाच एका बाजूला होतो आणि दोघांनाही करमलं नव्हतं.

एक सापडलं मात्र. चौदा गाण्यांत एक गाणं असं निघालं की ज्यावर कुणाचाच ठसा नाही. 'यूव्ह गॉट हर इन युवर पॉकेट'. जॅक हळू आवाजात गातो, ड्रम नाहीत, जेमतेम चार मिनिटं. त्यावर तू कधी काही बोलला नाहीस, मी नाही, अव्याने त्या वेळी दार उघडलं नाही, कुठल्या परीक्षणातलं वाक्यही मला आठवत नाही. ते लागलं आणि मला नुसतं गाणं ऐकू आलं. शब्द ऐकले तर माणूस बरा नाही तो, बाईला खिशात घालून ठेवू बघणारा, आणि गातो मात्र लोण्यासारखं. हे मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं. ज्या अल्बमवर मी मेगसाठी एवढा घसा फोडला, त्यातलं मेग नसलेलं गाणं तेवढं माझं निघालं, आता याला काय म्हणशील म्हण.

बाकी तुझं कसं चाललंय? नवीन जागेत लागलास का नीट, की तिथेही पहिल्याच महिन्यात साहेबाशी वाजलं? वहिनींची परीक्षा झाली असेल, निकाल कळव. चिन्मयला दाढी आल्याचा फोटो बघितला, तुझ्यापेक्षा बरी आहे. घराचं पक्कं झालं की पत्ता पाठव, तुझ्या त्या जुन्या सीडी माझ्याकडेच आहेत, हिने दिवाळीच्या आत काढा असं बजावलंय. अव्याचा काही पत्ता आहे का?

पोरीला पुढच्या आठवड्यात सर नवीन गाणं देणार आहेत. मी सुचवलंय की ब्लॅक कीजचं द्या. तुझ्यासाठी नव्हे, त्यांचा ड्रमर पॅट्रिक कार्नी पण तिच्या मते सरकतो का ते बघायचंय.

पैजेचे पैसे पाठव.

तुझा,
बाळ

ता. क. : ते खिशातलं गाणं तू ऐकणार हे मला माहीत आहे, अडवू शकत नाही. पण ऐकलंस तर त्यावर मला काही लिहू नकोस. चांगलंसुद्धा नाही.